कोणता कॅमेरा घेऊ? आधी अंतर मोजा, उजेड बघा

तिपाई

"इतक्या पैशांत चांगला कॅमेरा सुचवा" असा धागा दर पंधरवड्याला निघतो. तिसऱ्या प्रतिसादात कॅनन बरा की निकॉन यावर जुंपते आणि पाचव्यापर्यंत विचारणारा गायब झालेला असतो. म्हणून हा वेगळा धागा. इथे मॉडेलांची नावं कमी येतील. ती दर वर्षी बदलतात, फोटो फसण्याची कारणं मात्र तीच राहतात.

सुरुवात फोनपासून करा. गॅलरीतले फसलेले फोटो बाजूला काढा. कॅमेरा घ्यायचाय तो त्यांच्यासाठी, चांगल्या आलेल्यांसाठी फोन आहेच. प्रत्येक फोटोची माहिती उघडली की शटर (फोटो किती सेकंदांत टिपला) आणि आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवायला सेन्सरची संवेदनशीलता किती वाढवली) दिसतं. मग फोटो कशामुळे फसला ते बघा: अंतर, उजेड की हालचाल. बहुतेक फोटो या तीन खणांत पडतात.

अंतर. यासाठी एकच सूत्र लक्षात ठेवा:

चौकटीची रुंदी = अंतर × ३६ ÷ फोकल लेंथ

फोकल लेंथ म्हणजे लेन्स लांबचं किती जवळ आणते त्याचं माप. इथे ती फुल फ्रेमच्या (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) हिशेबातली, म्हणजे जाहिरातीत "३५ मिमी समतुल्य" म्हणून देतात ती. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमी असते. ६०० मिमी घेऊन १० मीटरवरच्या चिमणीकडे पाहिलं तर चौकट ६० सेंटीमीटर रुंद. चिमणी १५ सेंटीमीटरची, म्हणजे चौकटीचा पाव भाग. छान. तीच चिमणी ५० मीटरवर असेल तर चौकट ३ मीटरची आणि चिमणी तिचा विसावा भाग. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, त्यातले चिमणीच्या वाट्याला ३००. एवढ्यात पिसं दिसत नाहीत. हे गणित पैसे देण्याआधी करायचं.

उजेड. रात्री घरातल्या साध्या दिव्यात १/२५० सेकंदाला फोटो काढायचा, तर एफ/१.८ च्या (एफपुढचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त) लेन्सला आयएसओ साधारण २५०० ते ३२०० लागतो. त्याच जागी किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी झूम) झूम करून एफ/५.६ वर असेल तर आयएसओ २५,००० च्या वर जातो. दोन्ही फोटो एकाच बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) काढले तरी उजेडात जवळजवळ दहापट फरक पडतो, तो निव्वळ लेन्समुळे.

हालचाल. बसून बोलणारा माणूस १/१२५, चालणारा १/२५०, पळणारी मुलं १/५००, उडणारा पक्षी १/२०००. हे अंदाज आहेत, पण फार चुकत नाहीत. फोन रात्री बऱ्याचदा १/२५ च्या आसपास जातो, किंवा अनेक चौकटी एकावर एक रचून एक फोटो बनवतो. भिंत आणि झाड त्यात सुरेख येतं, पळणाऱ्या पोराला तीन हात फुटतात.

इथे एक गैरसमज दुकानातूनच सुरू होतो. स्टॅबिलायझेशन आपला थरथरणारा हात सावरतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. देवळातल्या खांबासाठी ते वरदान, नाचणाऱ्या मुलीसाठी शून्य.

आणि तिन्ही खणांत मिळून चार-पाच फोटोही निघाले नाहीत, तर कॅमेरा घेऊ नका. तो कपाटात पडून राहील.

खटका

सूत्र उत्तम. एक बारीक दुरुस्ती: ३६ हा आकडा ३:२ च्या चौकटीसाठी. फोन आणि छोट्या कॅमेऱ्यांची चौकट ४:३ असते, तिथे थोडा फरक पडतो. अंदाजाला चालेल.

सेन्सरबद्दल (आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपबद्दल) लिहितो, कारण खोक्यावरच्या मापांनी सगळ्यात जास्त फसगत होते. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये अशी:

फुल फ्रेम – ३६ × २४
एपीएस-सी – २३.५ × १५.६ (कॅननचा जरा लहान, २२.३ × १४.९)
मायक्रो फोर थर्ड्स – १७.३ × १३
"१ इंच" – १३.२ × ८.८
"१/२.३ इंच" – ६.१७ × ४.५५

१ इंची सेन्सर कुठूनही मोजा, २५.४ मिलिमीटर भरत नाही. कर्णसुद्धा जेमतेम १६. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. नळीचा कामाचा भाग व्यासाच्या दोन-तृतीयांश असायचा. नळ्या गेल्या, माप राहिलं.

आता १/२.३ इंचीचं क्षेत्रफळ काढा: २८ चौरस मिलिमीटर. बऱ्याच महागड्या फोनचा मुख्य सेन्सर १/१.३ इंचाच्या घरात, म्हणजे ७० च्या आसपास. तेव्हा छोट्या सेन्सरचा पॉइंट अँड शूट "फोनपेक्षा चांगले फोटो" म्हणून घेणं फुकट. झूम हवा असेल किंवा पाण्यात न्यायचा असेल तरच त्याला अर्थ आहे. खिशात मावणारा आणि फोनपेक्षा खरोखर बरा, अशी हद्द १ इंचापासून सुरू होते. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० मालिका आणली ती याच मापावर.

झाडावरचा

वाचतोय. १२५ पट झूमवाला ब्रिज कॅमेरा (मोठ्या झूमचा, पण लेन्स न बदलता येणारा) घेतला तर पक्ष्यांचा प्रश्न मिटेल ना? तिपाईंच्या सूत्रात ३००० मिमी घातलं की ५० मीटरवरची चिमणीही चौकटीचा पाव भाग भरतेय!

गणिती मास्तर

सूत्रात बरोबर बसते, काचेतून येत नाही. :)

आधी "पट" म्हणजे काय ते. लांबचं टोक भागिले जवळचं टोक. १८-५५ लेन्स ३ पट आणि १००-४०० लेन्स ४ पट, पण लांब पाहण्यात त्या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. पट बघू नका, शेवटचा मिमी बघा.

निकॉनचा पी१००० (२०१८ चा) खरंच २४ ते ३००० मिमी समतुल्य आहे. पण ३००० ला त्याचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो, याला विवर्तन म्हणतात. एफ/८ ला हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर साधारण १०.७ मायक्रॉनची चकती होऊन पडतो. त्या सेन्सरचा पिक्सेल १.३४ मायक्रॉनचा, म्हणजे एक बिंदू आठ पिक्सेल रुंद. कागदावर १६ मेगापिक्सेल असले तरी तपशील त्याच्या बराच खालचा मिळतो. भिंग कितीही चांगलं घासलं तरी हे टळत नाही.

त्यात मधली हवा आली. दुपारी तापलेल्या जमिनीवरून १०० मीटरवर नेम धरला की सगळं चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. लोक फोकसला दोष देतात. सकाळी लवकर तोच कॅमेरा बरा वागतो.

तिपाई

मास्तरांशी सहमत, पण ब्रिज कॅमेऱ्याला उगीच झोडपू नये. भरपूर ऊन आणि जागेवर बसलेला पक्षी असेल तर ओळख पटण्यासाठी तो पुरेसा आहे. चंद्रासाठी तर मस्त: २००० मिमीला चंद्र चौकटीच्या उंचीचा सुमारे ७० टक्के भाग व्यापतो. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, त्यामुळे आयएसओ १०० ला एफ/८ आणि १/१२५ ते १/२०० पुरतं. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा काळं आकाश पाहून चंद्राची पांढरी टिकली करतो, एवढं सांभाळा.

हा कॅमेरा अडतो उडत्या पक्ष्यावर आणि संध्याकाळच्या उजेडात. झाडावरचा, तुम्हाला हे दोन्ही हवं असेल तर १ इंची सेन्सर आणि ६०० मिमीच्या आसपासचा ब्रिज, नाहीतर एपीएस-सी बॉडी आणि १००-४०० वर्गातली लेन्स. एपीएस-सीवर ४०० म्हणजे समतुल्य ६००. वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. स्वस्तातला मधला मार्ग एकच आहे, पक्ष्याच्या जवळ जाणं. अंतर निम्मं झालं की पक्षी चौकटीत दुप्पट मोठा, आणि मधली हवाही निम्मी.

धूसर

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळणाऱ्यांसाठी. तुम्ही बॉडी निवडता असं वाटतं, प्रत्यक्षात माउंट (बॉडीवर लेन्स बसवायची खाच, प्रत्येक कंपनीची वेगळी) निवडता. बॉडी पाच-सात वर्षांत बदलाल, लेन्स राहतील. म्हणून आज जी लेन्स परवडत नाही पण दोन वर्षांनी हवी असेल, ती त्या माउंटवर आहे का आणि बाहेरच्या कंपन्यांच्याही लेन्स मिळतात का, ते आधी बघा. सोनी ई माउंट २०१० पासून आहे आणि त्यावर बाहेरच्या लेन्स भरपूर आहेत. कॅनन आरएफ आणि निकॉन झेड २०१८ चे. कॅननने बाहेरच्यांना ऑटोफोकस लेन्ससाठी बराच काळ ताटकळवलं. सिग्माच्या एपीएस-सी लेन्स आरएफवर जाहीर झाल्या त्या २०२४ मध्ये.

जुन्या लेन्स अ‍ॅडॉप्टरने लागतात का, हा नेहमीचा प्रश्न. उत्तर मिलिमीटरमध्ये आहे. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर डीएसएलआरच्या (आरशावाल्या कॅमेऱ्यांच्या) माउंटना जास्त: कॅनन ईएफला ४४, निकॉन एफला ४६.५. मिररलेसला आरसा नसल्याने आरएफला २०, झेडला १६, सोनी ई ला १८. जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर लावताना मधली जागा अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. उलट दिशेने जागाच उरत नाही. कॅननच्या ईएफ-एम (आरएफच्या आधीच्या मिररलेस) लेन्सचं अंतर १८, म्हणून त्या आरएफ बॉडीवर बसत नाहीत. वापरलेला ईएफ-एम कॅमेरा स्वस्तात दिसतो तो यामुळे. पुढचा रस्ता बंद आहे हे माहीत असून घेत असाल तर वाईट नाही.

निकॉनवाल्यांसाठी: डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात, फोकस हाताने करावा लागतो. एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून झेड बॉडीवर नेल्या तरी तेच.

सुरुवातीला काय घ्यावं? किट लेन्स जरूर घ्या, दिवसा ती झकास चालते. तिच्या जोडीला एफ/१.८ ची एक प्राइम (झूम नसलेली लेन्स). एपीएस-सीवर ३५ मिमी घरात बसते. ५० मिमी छोट्या खोलीत अडचणीची होते, दोन माणसं घ्यायची तर पाठ भिंतीला टेकते. स्वस्त म्हणून सगळे ५० कडे धावतात आणि मग जागा पुरत नाही म्हणून ती पडून राहते.

फुलफ्रेमप्रेमी

एवढं सगळं करण्यापेक्षा सरळ फुल फ्रेम घ्यावा आणि मोकळं व्हावं. कमी उजेडाचा प्रश्नच संपतो.

धूसर

नाही संपत. एपीएस-सीवर एफ/२.८ ची लेन्स उजेड आणि मागच्या धूसरपणाच्या हिशेबात फुल फ्रेमवरच्या एफ/४.२ सारखी वागते, अ‍ॅपर्चरच्या आकड्याला १.५ ने गुणायचं. आता फुल फ्रेमबरोबर येणारी स्वस्त झूम बघा. लांबच्या टोकाला एफ/६.३, काहींत एफ/७.१. म्हणजे स्वस्त लेन्सचा फुल फ्रेम हा एफ/२.८ झूम लावलेल्या एपीएस-सीपेक्षा अंधारात मागे पडतो, दीड स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). फुल फ्रेमचा फायदा घ्यायचा तर चांगल्या लेन्सचे पैसे आणि वजन दोन्ही उचलावं लागतं. बजेट ठरलेलं असेल तर बॉडी एक पायरी खालची आणि लेन्स एक पायरी वरची घ्या.

फुलफ्रेमप्रेमी

वापरलेला फुल फ्रेम आणि एफ/१.८ प्राइम धरा की. तिथे तुमचं गणित उलटतं.

धूसर

तिथे उलटतं, मान्य. ज्याला झूम नको, त्याच्यासाठी हा सौदा खरोखर चांगला.

चष्मिस

कागदावरच्या आकड्यांत हातात धरल्यावर काय होतं ते येत नाही, म्हणून थोडं.

चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरचा "आय पॉइंट" बघा, म्हणजे डोळा किती दूर ठेवूनही पूर्ण चौकट दिसते ते अंतर. २० मिमीच्या खाली असेल तर चष्मा लावून चौकटीचे कोपरे दिसत नाहीत. डायऑप्टरचं (नजरेच्या नंबरानुसार व्ह्यूफाइंडर जुळवायचं) छोटं चाक बहुतेक बॉडींना उणे ४ ते अधिक ३ च्या आसपास फिरतं. ते लावताना बाहेरचं दृश्य बघू नका, आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत फिरवा. पिशवीत घासून ते हललं की "कॅमेऱ्याचा फोकस बिघडला" अशी तक्रार सुरू होते, आणि फोटो संगणकावर पाहिले तर ठणठणीत.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरचे "२३.६ लाख डॉट्स" म्हणजे पिक्सेल नव्हेत. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे मोजतात. तीनने भागा: १०२४ × ७६८. चालण्यासारखं आहे. मागच्या स्क्रीनचे १०.४ लाख डॉट्स म्हणजे ७२० × ४८० च्या आसपास, त्यावर फोकस नीट बसलाय का हे मोठं करून बघितल्याशिवाय कळत नाही. काही स्वस्त मिररलेस बॉडींना व्ह्यूफाइंडरच नसतो. भर उन्हात नुसत्या स्क्रीनवर चौकट जुळवणं म्हणजे अंदाजपंचे.

चाकं दोन असतील तर शटर आणि अ‍ॅपर्चर वेगवेगळं फिरवता येतं. एकच असेल तर बटण दाबून फिरवावं लागतं. ऑटोवर वापरणाऱ्याला फरक नाही, बाकीच्यांना रोजचा आहे.

बॅटरी: मिररलेस एका चार्जवर कागदोपत्री ३०० ते ४०० फोटो. डीएसएलआर आरशातून बघत वापरला तर ८०० ते १००० च्या पुढेही जातो. मिररलेसबरोबर दुसरी बॅटरी लागणारच, ती बजेटात आधीच धरा.

मूकदर्शक

वाचनखूण साठवली आहे. दोन प्रश्न. ऑनलाइन "४८ मेगापिक्सेल, ४के, १६ पट झूम" असे अगदी स्वस्त, अनोळखी नावाचे कॅमेरे दिसतात, ते कसे? आणि वीस वर्षांपूर्वीच्या सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरच्या कॅमेऱ्यांचे रंग वेगळे असतात म्हणतात, खरं का?

खटका

पहिल्याचं उत्तर: लांब राहा. १६ पट झूम तिथे डिजिटल असतो, म्हणजे मधला तुकडा कापून फुगवलेला. मेगापिक्सेलही फुगवलेले. माहितीच्या तक्त्यात "इंटरपोलेशन" शब्द दिसला की समजा. ओळखायची खूण सोपी आहे: लेन्सवर फोकल लेंथची रेंज लिहिलेली नाही, झूम करताना लेन्स जागची हलत नाही, आणि सेन्सरचं माप कुठेच दिलेलं नाही. अनेकांत फोकसही एकाच अंतरावर कायमचा बसवलेला असतो. कुणाच्या तरी दोन वर्षांपूर्वीच्या फोनने याहून चांगले फोटो येतात.

दुसरं: सीसीडीमध्ये जादू नाही. रंग ठरवतो तो सेन्सरवरचा फिल्टर आणि त्या काळचं कॅमेऱ्यातलं प्रोसेसिंग. शिवाय चेहऱ्यावर सरळ मारलेला फ्लॅश, ज्यामुळे तो "जुना" भाव येतो. हौस म्हणून घ्यायचा तर आधी कार्ड बघा. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनींना मेमरी स्टिक. २००६ च्या आधीचे एसडीवाले कॅमेरे सहसा २ जीबीपर्यंतचंच कार्ड ओळखतात, ३२ जीबी घातलं की "कार्ड एरर". बॅटरी फुगून आत अडकलेली असू शकते. एए सेलवर चालणारा मिळाला तर निदान ही कटकट नाही.

बुरशीमारे

वापरलेल्या कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर तपासणी सविस्तर देतो. बरोबर न्यायच्या वस्तू: एक कार्ड, छोटी टॉर्च, छापील वर्तमानपत्राचं पान.

लेन्स बॉडीपासून काढा, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून मागून तिरपा टॉर्च मारा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असतातच, ते फोटोत दिसत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या फांद्यांसारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी. ती काचेवरचा थर खाते, साफ केली तरी डाग राहू शकतो. घेऊ नका. सगळीकडे एकसारखं धुरकट दिसत असेल तर ते तेलाचं किंवा बाष्पाचं पटल. त्याने कॉन्ट्रास्ट मरतो, प्रकाशाकडे तोंड करून काढलेला फोटो दुधाळ येतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर ती अडकत बंद होतात, डीएसएलआरवर फोटो कधी बरोबर तर कधी जास्त उजळ येतो.

लेन्सचा तिरपेपणा: वर्तमानपत्र भिंतीला सपाट लावा, कॅमेरा समोर काटकोनात, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. चारही कोपरे थोडे मऊ असणं चालतं. तीन स्वच्छ आणि एक धुरकट असेल तर लेन्स पडलेली आहे किंवा आतलं भिंग सरकलंय.

सेन्सर: एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो. राखाडी गोल डाग म्हणजे धूळ, ती निघते. कोपऱ्यात गर्द, धारदार कडांचे डाग राहिले तर ओरखडा असू शकतो. मग लेन्सला टोपण लावून आयएसओ ८०० ला ८ सेकंदांचा फोटो. दोन-चार रंगीत ठिपके सगळ्यांत असतात. रांगच्या रांग दिसली तर सोडून द्या.

शटरचे आकडे: निकॉनच्या फोटो फाइलमध्ये ते लिहिलेले असतात. बऱ्याच कॅनन बॉडींत फाइलमध्ये सापडत नाहीत, वेगळ्या सॉफ्टवेअरने कॅमेऱ्यातून वाचावे लागतात. सुरुवातीच्या वर्गातल्या डीएसएलआरना सहसा १ लाखाचा अंदाज धरतात. १ लाखाला शटर मरतंच असं नाही, पण किंमत त्या हिशेबात करा.

डीएसएलआर आणि एफ/१.८ लेन्स घेत असाल तर पट्टी ४५ अंशांत ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा. डीएसएलआर फोकस मोजतो वेगळ्या सेन्सरवर आणि फोटो काढतो वेगळ्यावर. दोघांत किंचित फरक पडला की फोकस सतत पुढे किंवा मागे बसतो. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा आजार नाही. बंद मिररलेस बॉडी हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर घाबरू नका, स्टॅबिलायझेशनवाल्या बऱ्याच बॉडींत सेन्सर मोकळा लोंबतो.

साठवण: आर्द्रता सतत ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक, ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये घालून कपाटात कोंबणं सर्वात वाईट.

झाडावरचा

बुरशीमारे, दंडवत घ्या. व्हिडिओवर कुणीतरी लिहा.

रीळ संपलं

व्हिडिओसाठी तक्त्यात चार ओळी शोधा. पहिली, ४के ला क्रॉप किती. काही बॉडी ४के सुरू करताच सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतात. मग २४ मिमीची चौकट ३५ सारखी अरुंद होते आणि हातभर अंतरावर धरून बोलणाऱ्याचा नुसता चेहरा उरतो. दुसरी, ३.५ मिमीचा माइक जॅक. आवाज खराब असेल तर ४के कुणी बघत नाही. तिसरी, बाजूला उघडून पुढे वळणारी स्क्रीन. चौथी, एका दमात किती वेळ. जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबतात. युरोपात ३० मिनिटांहून जास्त सलग रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा समजून जास्त जकात लागायची, म्हणून ती मर्यादा घातली होती. नव्यांत ती नाही, पण आकाराने लहान बॉडी तापून आधीच बंद पडू शकते.

कार्ड: पाकिटावरचा मोठा आकडा वाचण्याचा वेग असतो. लिहिण्याचा किमान वेग "व्ही" च्या पुढे. व्ही३० म्हणजे सेकंदाला ३० एमबी. कॅमेरा १०० मेगाबिटने लिहितो म्हणजे १२.५ एमबी, तेव्हा व्ही३० खूप झालं. एका मिनिटाला ७५० एमबी, ६४ जीबीत ८० ते ८५ मिनिटं. व्ही९० ची भर टाकायची ती जास्त बिटरेट असेल किंवा सेकंदाला १५-२० रॉ (प्रक्रिया न केलेले, मोठ्या फाइलचे) फोटो काढायचे असतील तेव्हाच, आणि तेही कॅमेऱ्याचा खाचा यूएचएस-२ (वेगवान कार्डांसाठीचा) असेल तरच.

पैंजण

उशिरा आले, पण अगदी नेमका प्रश्न आहे. सभागृहात रंगमंचावरचं नृत्य, प्रेक्षागृहातून. नर्तकी डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत हवी. अंतर १५ मीटर धरा. दुकानात १८-५५ आणि ५५-२१० अशी दोन लेन्सची जोडी सुचवली आहे, एपीएस-सी बॉडीवर.

तिपाई

कॅमेरा उभा धरायचा, म्हणजे चौकटीची लांब बाजू उभी. हात वर गेले तरी मावावेत म्हणून २.५ मीटर उंची धरू. १५ × ३६ ÷ २.५ = २१६ मिमी समतुल्य. एपीएस-सीसाठी १.५ ने भागा: १४४ मिमी. सुचवलेली ५५-२१० तिथपर्यंत पोचते, पण त्या टोकाला अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या आसपास किंवा त्याहून बारीक. नृत्याला १/५०० तरी हवं, गिरकीला १/८००. आयएसओ १२,८०० च्या घरात जाईल आणि चेहऱ्यावर दाणे येतील. १४४ मिमीला खरी लेन्स ७०-२०० एफ/२.८. महाग, आणि वजन दीड किलोपर्यंत.

गणिती मास्तर

एक विचारतो. १५ मीटर हे अंतर मोजलेलं आहे की अंदाज? रंगमंच नेहमी आहे त्याहून लांब वाटतो.

पैंजण

अंदाज होता. तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीपासून रंगमंचाच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजलं. ९ मीटर.

तिपाई

मग चित्रच बदललं. ९ × ३६ ÷ २.५ = १३० समतुल्य, म्हणजे एपीएस-सीवर ८६ मिमी. ८५ मिमी एफ/१.८ प्राइम घ्या, ती जवळजवळ प्रत्येक माउंटवर मिळते आणि ७०-२०० च्या तुलनेत खूप हलकी, खूप स्वस्त. एफ/६.३ च्या तुलनेत बारापट उजेड आत येतो, आयएसओ १६०० च्या आसपास काम होईल. जोडीतली ५५-२१० काढून टाकायला सांगा, नुसती १८-५५ ठेवा, समूहनृत्यासाठी लागेल.

धूसर

जोडून: मीटरिंग (कॅमेऱ्याची उजेड मोजण्याची पद्धत) स्पॉट किंवा हायलाइटवर ठेवा, नाहीतर मागचा काळा पडदा बघून कॅमेरा चेहरा पांढरा करतो. ते नसेल तर एक्स्पोजर उणे १. आणि सायलेंट शटर बंद. एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोत आडवे पट्टे येतात, ते नंतर निघत नाहीत. मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर चालू. आवाज होतोच, म्हणून मृदंग चालू असताना दाबा.